मडक्यांच्या ट्रेलरचे शॉकअप

दिवाळीची सुट्टी संपवून लातूरला परत निघाले तेव्हा माझ्या सॅकमध्ये वह्यांच्या जोडीला एक शॉकअप होता. हातभर लांब, मनगटाहून जाड, तेलानं काळा झालेला आणि मधे वाकलेला. सॅकची चेन लागेना, म्हणून वरून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला होता. कंडक्टर तिकीट देता देता थांबला.

"ताई, ह्याच्यात काय तोफ हाय का?"

"न्हाई, शॉकअप हाय."

"कशाचा?"

"मिलिटरीच्या ट्रेलरचा."

"मंग तोफच की," तो म्हणाला आणि मागच्या सीटवरची माणसं हसली. मीही हसले. पण सॅक मांडीवर घेऊन बसले होते आणि त्या लोखंडाचं वजन सारखं जाणवत होतं. हे काम मी दोन वर्षं आधी करायला हवं होतं, असं जळकोट मागं पडेपर्यंत वाटत राहिलं.

आम्ही कुंभार. गाव जळकोट आणि कंधारच्या मधे, मुख्य रस्त्यापासून आत. लष्कराच्या लिलावात निघालेला हा ट्रेलर आजोबांनी नांदेडच्या एका भंगारवाल्याकडून आणला. हिरवा रंग, बाजूला पुसट पांढरे आकडे, अंगापेक्षा मोठे वाटणारे टायर. गावातली माणसं बघायला आली होती म्हणे. आजोबांनी मात्र रंग, टायर काही बघितलं नव्हतं. त्यांनी कडेवर दोन्ही हातांनी जोर दिला, ट्रेलर हळू खाली गेला आणि हळू वर आला, तेवढ्यावर त्यांनी तो घेतला, असं बाबा सांगतात. साध्या ट्रॉलीत मडकी भरली की रस्त्याचा प्रत्येक दगड मडक्यांना लागतो. या ट्रेलरला खाली स्प्रिंगचे लोखंडी पाटे होते आणि पाट्यांच्या जोडीला शॉकअप. खड्ड्यातून निघाला की एकदा हलायचा आणि गप्प व्हायचा. आजोबांच्या काळात मागं माणूस बसवायची गरज नव्हती.

मी शाळेत असताना शॉकअप गेले. आधी त्यांतून तेल गळायचं, मग एक तुटून लोंबायला लागला. पाटे शाबूत होते, पण आता ट्रेलर एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ डुलत राहायचा आणि आत मडकं मडक्याला लागायचं. तेव्हापासून घरचं एक माणूस मडक्यांमधे बसायला लागलं. ते माणूस म्हणजे मी.

बसायची आमची एक पद्धत आहे. खाली सोयाबीनचं भुसकट पसरायचं, त्यावर माठ आडवे लावायचे, मधल्या फटींत गाडगी आणि झाकणाच्या पसरट येळण्या. मागच्या फळीजवळ एका माणसापुरती जागा सोडायची. तिथं तोंड मागं करून बसायचं, पाय लांब करून एका बाजूचे माठ तळव्यांनी दाबून धरायचे आणि दुसऱ्या बाजूच्यांना पाठ टेकवायची. हात वरच्या थरावर. बाबा पुढं ट्रॅक्टरवर, त्यांना इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून जवळ एक काठी. पत्र्यावर एकदा वाजवलं की हळू, सारखं वाजवलं की थांबा. दहावीची निम्मी उजळणी मी त्या जागेवर बसून तोंडपाठ केली. पुस्तक धरता यायचं नाही, हात मोकळे नसायचे.

बारावीला बरे मार्क पडले आणि मी लातूरला बीएस्सीला गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नाही. जाताना आईनं माझ्या हातात डबा दिला, बाबांनी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि मी खिडकीतून बघत राहिले. होस्टेल, प्रॅक्टिकल, मेसचं जेवण, सगळ्यात मी गुंतले. फोनवर मी आईला विचारायचे, बाजार झाला का? ती म्हणायची, झाला. मडकी फुटली का? न्हाई फुटली. मधल्या सुट्ट्यांत घरी गेले तेही दोन-चार दिवस, बाजार नसलेले. माझ्या जागेवर आता कोण बसतं, एवढं मात्र मी विचारलं नाही. बाबांनी काहीतरी सोय केली असेल असं मी धरून चालले होते. खरं सांगायचं तर धरूनही चालले नव्हते, माझ्या मनात तो प्रश्नच आला नव्हता.

दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी घरी आले तेव्हा पणत्यांचा बाजार होता. सकाळी उठून अंगणात आले तर आई ट्रेलरच्या चाकावर पाय देऊन वर चढत होती. चढून माझ्या जागेवर बसली. खाली गोधडीची घडी होती, म्हणजे ती दर बाजाराला तिथं बसत होती. आईनं पाय लांब केले, काठी उचलून बाजूला ठेवली आणि मला म्हणाली, "चुलीवर दूध हाय, बघ जरा. उतू जाईल."

मी म्हणाले, "मी बसते ना."

"तू सुट्टीला आलीस. दूध बघ."

संध्याकाळी ते परत आले. ट्रेलर रिकामा होता. आई फळीला धरून उतरली आणि उतरल्यावर लगेच चालली नाही. एक हात चाकावर, एक कमरेवर ठेवून उभी राहिली, जशी कुणाची वाट बघतेय. मग हळूहळू सरळ झाली.

"काय झालं, माय?"

"काय न्हाई. थंडीनं आखडतंय."

थंडी अजून पडायची होती.

रात्रीच्या जेवणाला मी बाबांना म्हणाले, शॉकअप बदलू या. ते म्हणाले, "मी बघितलं न्हाई व्हय? उदगीर पालथं घातलं. तसले आता येत न्हाईत." हे ते रागानं बोलले नाहीत. भाकरी मोडता मोडता बोलले आणि आईकडं बघायचं टाळलं. उन्हाळा आला की माठांचा हंगाम सुरू होतो, बाजार वाढतात, आईच्या फेऱ्या वाढणार होत्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी ट्रेलरखाली जाऊन तुटका शॉकअप सोडवला. मी तो सॅकमध्ये घातला.

लातूरला कॉलेज सुटलं की मी स्पेअर पार्टच्या दुकानांतून फिरायला लागले. पहिल्या दुकानात आत जायला मला बराच वेळ लागला. काउंटरवर सगळे पुरुष, सगळ्यांचे हात काळे. कपाळाला भस्म लावलेल्या मालकांनी माझ्याकडं बघून विचारलं, "स्कूटी कुठली?"

"स्कूटी नाही. ट्रेलर आहे."

"कंपनी?"

"मिलिटरीचा."

"मिलिटरीचा ट्रेलर तुमच्याकडं कसा काय?" ते चष्मा वर करून म्हणाले. "सरकार परत मागायला आलं तर?"

"आजोबांनी लिलावातला घेतलाय."

"मग आजोबांना विचारा, बाई, शॉकअप कुठला बसतो." आजोबा आता नाहीत असं मी सांगितल्यावर मात्र ते ओशाळले. शॉकअप हातात घेतला, दोन्ही टोकांच्या भोकांत बोट घालून बघितलं, आतल्या माणसाला हाक मारून ट्रकचा एक आणवला. तो लांब निघाला. दुसरा आखूड निघाला. शेवटी म्हणाले, "नव्यात हे मिळायचं नाही. नांदेडला जा, देगलूर नाक्याकडं. तिथं जुनं सगळं मिळतं."

आणखी काही दुकानांत हेच ऐकलं. दरम्यान शॉकअपमधलं उरलंसुरलं तेल गळून माझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलला लागलं. खोलीतली मैत्रीण म्हणायची, "तुझ्या पलंगाखाली गॅरेज उघडलंय का?" तिचे वडील शिक्षक. ती चांगली मुलगी होती, चेष्टा मनापासूनची होती. पण त्या वासानं मला आईचं चाकाला धरून उभं राहणं आठवायचं आणि मी शॉकअप पलंगाखाली आणखी आत सरकवायचे.

संक्रांतीच्या आधी मी नांदेडला गेले. भंगारच्या दुकानांच्या रांगेत गाड्यांची दारं वेगळी, सीटं वेगळी, चाकं वेगळी रचलेली होती. एका दुकानात पांढऱ्या दाढीचे चाचा खुर्ची रस्त्यावर टाकून बसले होते.

"क्या होना, बेटा?"

मी सॅक उघडून शॉकअप त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उचलला, फिरवला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ये तो फौज का माल है." मग मराठीत, "ट्रेलरमधी काय भरता?"

"मडकी."

"काय?"

"माठ. मटके."

त्यांनी शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. "अरे सुनो, फौज की गाडी में मटके!" तिकडून उत्तर आलं, "फिर तो पानी की लढाई होगी." दोघं हसले. मग चाचा मला म्हणाले, "हसू नको तर काय करू? पण तुमचा माल बारूदापेक्षा नाजूक, खरं हाय का न्हाई?"

मी मान हलवली. ते उठून आत गेले आणि लोखंडाच्या ढिगातून एकेक शॉकअप बाहेर टाकायला लागले. मी घरून सुतळीला गाठी मारून माप आणलं होतं, ते लावून बघायचे. बऱ्याच वेळानं एका जुन्या मिनीबसचे मागचे दोन जुळले. चाचांनी एक उभा धरून त्यावर सगळा भार दिला. तो हळू दबला आणि हळूच वर आला. भोकं मोठी होती, पण पलीकडं लेथवाला होता, तो आत बसायला लोखंडी नळ्या करून देणार होता.

नळ्या होईपर्यंत चाचांनी मला बसायला स्टूल दिलं. म्हणाले, "ह्या मोडक्या शॉकअपवर माल कसा नेत होता? मागं कोणी बसतं का?"

"हो."

"कौन बैठता?"

"मी," मी म्हणाले.

मी असं का म्हणाले ते मला कळलं नाही. आई बसते, असं म्हणणं सोपं होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, आणि तू? मी लातूरला शिकते, असं सांगावं लागलं असतं. कॉलेजचा ड्रेस घालून बसलेल्या मला बघून त्यांना ते कळलंही असेल. ते एवढंच म्हणाले, "बस, अब उतर जाओ. आता कुणी बसायची गरज न्हाई." मी त्यांनी मागवलेला चहा प्याले आणि लेथवाल्याकडं बघत बसले.

संक्रांतीच्या सुट्टीत बाबांनी दोन्ही शॉकअप बसवले. मी ट्रेलरजवळ नटबोल्टचे पाने हातात घेऊन उभी होते, बाबा खालून आकडा ओरडायचे तो पाना देत होते. बसवून झाल्यावर बाबांनी आजोबांसारखाच कडेवर जोर दिला. ट्रेलर खाली गेला, वर आला, गप्प झाला. बाबांनी पुन्हा दिला. मग आईला हाक मारली.

आईनं मातीचा हात पदराला पुसून एका हातानं दाबून बघितलं. "गादीवानी झालं की," ती म्हणाली.

"पोरीनं आणलं," बाबा म्हणाले. "आता तुला बसायला नको. ऱ्हा घरी. कंबरेला आराम."

"हाव," आई म्हणाली आणि परत मातीकडं गेली.

मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी आईला भाकरीही करू दिली नाही. त्या आठवड्याच्या जळकोटच्या बाजाराला ट्रेलर मागं कुणी न बसता गेला. बाबा परत आले ते हसतच. एक येळणी सोडून काही फुटलं नव्हतं, तीही उतरवताना.

त्यानंतर मी महाशिवरात्रीला घरी आले. नेमका बाजाराचा दिवस होता. सकाळी आई चुलीपुढून उठली, न्हाली, वेणी घातली, बाजाराला नेसायची ती हिरवी साडी दोरीवरून ओढली. साडी हातात घेऊन जरा थांबली आणि परत दोरीवर टाकली. मग जवसाच्या चटणीची पुडी बांधून बाबांकडं दिली. "हिला देजा."

ही म्हणजे माझी मावशी. आईची धाकटी बहीण, जळकोटजवळच्या गावात दिलेली. ती बाजारात चिंचा, कढीपत्ता, हंगामाचं जे असेल ते घेऊन बसते. बाबा मडकी मांडायचे तिच्याच शेजारी. मी ट्रेलरमधे बसायचे तेव्हा हे मला माहीत होतं, मावशी मला गुळाची जिलबी घेऊन द्यायची. पण आईच्या हिशेबात ते काय असेल, हे मी कधी धरलं नव्हतं. मी लातूरला गेल्यावर आईला आठवड्यातून एक दिवस बहीण मिळाली होती. मी शॉकअप आणले आणि तो दिवस गेला.

संध्याकाळी बाबांनी रिकामी पुडी परत आणली. आईनं विचारलं, "काय म्हणली?"

"काय म्हणंल? अक्का कामून येत न्हाई म्हणली. मी म्हणलो, आता काम न्हाई तिचं."

"बरं केलं," आई म्हणाली. ती खरंच तसंच म्हणाली, बोलण्यात टोचणं काही नव्हतं. त्यानंतर तिनं पुडीचा कागद नीट घडी करून फळीवर ठेवला.

रात्री मी तिला म्हणाले, "माय, तू तशीच जात जा ना बाजाराला."

"तशी कशाला? मडकी कोण थापंल? उगं फिरायला जाऊ व्हय?"

आमच्याकडं असंच आहे. काम असेल तर कंबर मोडेपर्यंत जायचं, काम नसेल तर उंबरा ओलांडायला कारण लागतं. बाबांनी तिला कधी अडवलं नाही, तिनं कधी मागितलं नाही. आधी तिच्याकडं कारण होतं आणि दुखणं होतं. मी दुखणं काढायला गेले आणि कारणही काढून घेतलं. तिच्या जागी मी दोन वर्षं न बसल्याचं मनाला लागत होतंच, आता हे वरून.

मी चार दिवस राहणार होते, आठ दिवस राहिले. कॉलेजचे तास बुडवले. पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी बाबा भुसकट पसरून माठ लावत होते, मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"बाबा, शॉकअप जुने आहेत ना."

"मंग?"

"मागं आवाज येतो का, ते बघायला पाहिजे काही दिवस. नांदेडचे चाचा म्हणाले होते. आवाज आला तर लगेच कळायला पाहिजे, न्हाईतर एकदम जातात."

चाचा असं काही म्हणाले नव्हते. त्यांनी उलटच सांगितलं होतं. खोटं बोलताना माझी मान आपोआप खाली गेली आणि मी भुसकटाकडं बघत राहिले.

बाबा थांबले. "तवा कामून सांगितलं न्हाईस?"

"विसरले."

"किती दिवस बघायचं?"

"चालतायत तोवर."

त्यांनी हातातला माठ खाली ठेवला. मग मागच्या फळीजवळचे माठ सरकवून एका माणसापुरती जागा केली आणि घराकडं तोंड करून ओरडले, "अगं, गोधडी कुठं हाय? उद्या बसावं लागतंय तुला."

आतून ट्रंक उघडल्याचा आवाज आला. आई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गोधडी होती आणि खांद्यावर ती हिरवी साडी, उन्हात टाकायला.

सकाळी मी रस्त्यापर्यंत ट्रेलरबरोबर चालत गेले. आई मागं तोंड करून बसली होती, पाय लांब, पण त्यांनी काही दाबून धरलं नव्हतं. ओढ्याजवळच्या खड्ड्यात ट्रेलर खाली गेला, वर आला आणि गप्प झाला. माठ हलले नाहीत. आईचे हात मांडीवरच होते, चटणीच्या पुडीवर. वळणावर तिनं काठी उचलून मला दाखवली, वाजवली नाही.

आता मी लातूरलाच आहे. बाजाराच्या संध्याकाळी फोन करते. बाबा सांगतात, आज परत ट्रेलरखाली जाऊन बघितलं, सगळे बोल्ट आवळले, कुठं काही ढिलं दिसत नाही. गुडघे दुखतात त्यांचे खाली झोपताना, हेही सांगतात. मी ऐकून घेते. आवाज कसलाच नाही, तुम्ही खाली जाऊ नका, एवढं एक वाक्य मला बोलता येत नाही. बोलले तर गोधडी परत ट्रंकेत जाईल.

मग फोन आईकडं जातो. पाठीमागून बाबा तिला विचारतात ते मला ऐकू येतं, "आज आला का गं आवाज?"

"आला थोडा," आई म्हणते. "डावीकडून."